चुण्या

चहाच्या सुट्टीत शकुंतलाबाईंनी सुनेचं, नीतूचं, कापड हळूच मांडीवर ओढलं. पांढऱ्या कापडाचा नुसता बोळा झाला होता. नायजेरियातल्या बाया शिवून निळीत रंगवतात तशी फुलं कशी करायची, हे शिकवायला चेतना मॅडम कुडव्याच्या शिवणकेंद्रात आल्या होत्या. आखलेल्या पाकळीवर धावदोरा घाला आणि दोरा ओढून घ्या, असं त्यांनी सांगितलं होतं. पण ओढायचा म्हणजे इतका? शकुंतलाबाई सुनेच्या सोबतीला म्हणून आल्या होत्या, पण तीस वर्षं गावाचे ब्लाउज शिवलेले. चुणी दिसली की त्यांना राहवत नसे. जित्याची खोड!

ज्या बाईचा नमुना सरस ठरेल तिला या केंद्रात कायमचं काम मिळणार होतं. नीतूला ते फार हवं होतं. नऊ वर्षांपूर्वी तिच्या पहिल्याच ब्लाउजला चुण्या पडल्या, तेव्हा शकुंतलाबाईंनी गिऱ्हाइकांसमोर तिचं हसं केलं होतं. त्यानंतर आजपर्यंत तिने सुई धरली नव्हती. आपण चुकलो, हे त्यांना फार उशिरा कळलं आणि ते मनाला लागून राहिलं. निदान आज तरी पोरीचं हसं होऊ नये. त्यांनी एकेक दोरा सैल केला, कापड तळहाताने सपाट केलं आणि बादलीत भिजायला टाकलं.

कापडं निळीच्या पिंपातून हिरवट निघाली आणि वाऱ्यावर निळी होत गेली. टाके उसवले तशी इतर बायांची वेडीवाकडी का होईना, पांढरी फुलं उमटली. नीतूचं कापड निळंच्या निळं.

"दोरा सैल राहिला की रंग आत शिरतो," चेतना मॅडम म्हणाल्या.

नीतू ओशाळं हसली. "जाऊ द्या मॅडम. माह्या हातात नाहीच ते."

शकुंतलाबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मॅडमनी कापड उलटंपालटं केलं. कोपऱ्यात एक पाकळी होती, शकुंतलाबाईंच्या नजरेतून सुटलेली. पांढरीशुभ्र, कडा रेखीव.

"अरे वा! इतका घट्ट हात तर माझाही नाही. ये किसने किया? जिनं ही पाकळी केली, काम तिचं."

शकुंतलाबाईंचा जीव भांड्यात पडला. त्या सांगणारच होत्या, पण नीतूच आधी बोलली, अगदी कौतुकाने.

"आईनं केली असन, मॅडम. माहे टाके त्याच सुधरवून राहिल्या होत्या. पाह्यलं ना मी."