पुतळ्याच्या मनगटावरचा पट्टा

झोप लागत नाही म्हणून डॉक्टरांनी मला झोप मोजणारा पट्टा वापरायला सांगितला. शिवताना तो कापडात अडकतो, म्हणून मी दुकानातल्या पुतळ्याच्या मनगटाला लावून ठेवते. काल घरी जाताना तिथेच विसरले.

सकाळी मी शटर उघडलं. मागून लेक माझा मोबाइल बघत आली. "आई, रात्री छान झोपलीस की."

"डोळ्याला डोळा लागला नाही माझा. पट्टा इथेच होता."

"मग बिघडलाय. ॲप अजूनही गाढ झोप दाखवतंय."

तसंच असणार, म्हणून मी पट्टा काढायला गेले. प्लास्टिकचं मनगट कोमट लागलं. दुकानात तर ऊन येतच नाही.

मागे लेक हसली. "हे बघ, आता म्हणतंय, जाग आली."