हिराबाईंचा विरंगुळा

साहेब, तुम्ही लबाडी केलीत. चालू लिफ्ट दाखवलीत आणि ती चालूच राहणार असं लोकांना वाटू दिलंत. लोकांचं सोडा, तुमच्यापायी बाबुरावांना त्या दिवशी खाल्लेला एकही घास गोड लागला नाही.

बिबवेवाडीतल्या त्या पुनर्वसनाच्या इमारतीत, तळमजल्यावर, सकाळी ज्येष्ठ नागरिक विरंगुळा केंद्राचं उद्घाटन होतं. म्हणून एरवी बंद असलेली लिफ्ट सुरू. हिराबाई दिवाळीनंतर पहिल्यांदा नवव्या मजल्यावरून खाली उतरल्या. गुडघे कामातून गेलेले. वस्तीतलं घर होतं तेव्हा दाराबाहेर पाय टाकला की रस्ता होता. ते तुम्ही पाडलंत. आता दाराबाहेर पाय टाकला की जिना, आणि तो संपतच नाही.

तुम्ही फीत कापलीत, भाषण केलंत. हिराबाईंनी पहिल्या रांगेत बसून शब्दन् शब्द ऐकला. मागे उभ्या असलेल्या नवऱ्याला, बाबुरावांना, वॉचमन वैजनाथनं गाठलं.

"काका, लिफ्टचा जनरेटर भाड्याचा हाय. पाचला उचलत्यात. काकूंना त्याच्या आत वर न्या. नंतर मला बोलू नका."

बाबुराव बायकोला काही बोलले नाहीत. इतक्या महिन्यांनी बाई जमिनीवर आली, तिला लगेच घड्याळ कशाला दाखवायचं?

"चल, तुला पुणं दाखवतो," ते म्हणाले.

"जन्म गेला इथं. शिंगं फुटलीत का त्याला?" असं म्हणत हिराबाई निघाल्या. खांद्याला फुगलेली पिशवी. बाबुरावांनी ती घेतली आणि वाकलेच.

"दगड भरलेत का?"

"असू द्या. लागतं."

मिसळ खाल्ली. हिराबाईंनी रस्सा दोनदा मागून घेतला. मंडईत प्रत्येक गाळ्यापाशी थांबल्या, वांगी दाबून पाहिली, भाव पाडले, घेतलं काहीच नाही. मग मेट्रोनं स्वारगेट. खरं तर मेट्रोपेक्षा त्यांना स्टेशनची लिफ्टच आवडली. वर आल्या, परत खाली गेल्या, परत वर आल्या. बटण दर वेळी स्वतः दाबलं.

"बघा," त्या म्हणाल्या, "हिला साहेब लागत नाही."

बाबुराव ओशाळं हसले आणि घड्याळ बघितलं.

सारसबागेत भेळ झाली. ऊन कलायला लागलं. "निघू या का?" बाबुरावांनी विचारलं.

"बसा हो. घर काय पळून जातंय?"

मग त्यांना मस्तानी हवी झाली. बाबुरावांनी आपली दोन घोटांत संपवली. हिराबाई चमचा चाटत म्हणाल्या, "मस्तानी खायची असते, औषधासारखी ढोसायची नसते." आणि वरचं आइस्क्रीम शांतपणे कोरत बसल्या. बाबुराव रिक्षा बघायला रस्त्यावर.

रिक्षा मिळाली आणि शेवटच्या चौकात अडकली. पाचला थोडाच अवकाश होता. बाबुराव खाली उतरले. "तू ये मागून," म्हणाले आणि पिशवी छातीशी धरून गाड्यांच्या मधून पळत सुटले. सत्तरीचा माणूस, साहेब. तुमच्या जनरेटरपाठी.

ते पोचले तेव्हा जनरेटर टेंपोत चढला होता.

"पाच मिनिटं थांबा. बाई येतेय, तिला वर जाऊ द्या."

"जमणार नाही काका. पुढं दुसरं उद्घाटन आहे," टेंपोवाला म्हणाला आणि गेला.

लिफ्टच्या दारात अंधार होता. हिराबाई रिक्षातून उतरल्या, भिंतीचा आधार घेत आल्या.

"हिरा, मला सकाळीच माहीत होतं," बाबुराव म्हणाले. "सांगायला हवं होतं. चुकलं माझं."

"मला तर आदल्या दिवशीच माहीत होतं. लिफ्ट साहेबाबरोबर येतेय म्हणजे साहेबाबरोबर जाणार. आणा ती पिशवी."

विरंगुळा केंद्राचं दार अजून उघडंच होतं. आत नवा दिवाण, नवा पंखा, मागे मोरी, खिडकीवर तुमच्या नावाची पाटी. हिराबाईंनी दिवाणावर बसून पिशवी उपसली. चादर. गोळ्यांचा डबा. दोन साड्या. बाबुरावांचा लेंगा, सदरा, दाढीचं सामानसुद्धा.

बाबुराव दारातूनच म्हणाले, "अगं, सरकारी जागा आहे ही. कुणी विचारलं तर?"

"सांगा, साहेबांनी सांगितलंय. मी पहिल्या रांगेत होते."

तेव्हापासून दोघं तिथंच राहतात. दारात चपला असतात. साडी खिडकीत वाळते, बरोबर तुमच्या पाटीखाली. काल तुमचा माणूस आला होता, कुणाच्या परवानगीनं राहताय म्हणून दरडावून गेला.

म्हणून आम्ही इमारतीतली माणसं तुम्हालाच विचारतो. माइक हातात घेऊन, छातीवर हात ठेवून, 'आईबाबांनो, हे केंद्र आपलं घरच समजा' असं तुम्ही म्हणालात की नाही, साहेब? हो की नाही, तेवढं सांगा.