पडद्यावरचं हसू

दातांच्या डॉक्टर देवस्थळींनी आठ वर्षांच्या ओवीचं पंचविसाव्या वर्षीचं हसू भविष्य दाखवणाऱ्या यंत्राच्या पडद्यावर लावलं.

“ही, तार आत्ता लावली तर. आणि ही, बारा वर्षांची झाल्यावर लावली तर.”

दोन्ही तरुणींचे दात सारखेच सरळ होते. पण हसताना दोघींनीही तोंडावर हात धरला.

“एवढे छान दात, मग लपवते कशाला?” ओवीच्या आईने, रेवतीने विचारलं.

“यंत्र नुसते दात बघत नाही. पोरीने घरात कुणाचं हसणं उचललंय, तेही बघतं.”

रेवती ओशाळून हसली. पुढे आलेले दात झाकायला तिचा हात आपोआप वर गेला.

ओवीने आधी पडद्याकडे पाहिलं, मग आईकडे.

“डॉक्टर, आधी आईला तार लावली तर मी कशी हसेन? ते दाखवा ना!”