उलट्या पाळीचा दोस्त

"पैसे टाकले का नाय अजून?" पलीकडून आवाज आला, तेव्हा पुंजाराम चहा गाळत होता.

"टाकतो की. आधी सांग, आपल्या खोलीवरची ती खाट आठवते का?"

पलीकडच्या माणसाला खाट आठवत होती. सगळंच आठवतं म्हणाला.

बजाजनगरच्या त्या पत्र्याच्या खोलीत पुंजाराम आणि बद्रीनाथ या दोघांत मिळून एकच खाट. एक दिवसपाळीला, दुसरा रातपाळीला, त्यामुळं भागून जायचं. एक उठून कंपनीत गेला की दुसरा येऊन तिथंच आडवा व्हायचा. गोधडी अजून कोमट असायची. जाणाऱ्यानं येणाऱ्यासाठी ताटाखाली भाकरी झाकून ठेवायची, हा नेम. निवांत भेट व्हायची ती सुट्टीच्याच दिवशी. मग दोघं पायी खुलताबादला जायचे, भद्रा मारुतीला. खिशात दमडी नसायची, पण पुंजारामला अजूनही वाटतं, खरं सुख म्हणावं ते तेवढंच.

पुढं कंपनी बंद पडली, माणसं पांगली. बायको, गीताबाई, गेली. लेक तनुजा मुकुंदवाडीत, ती रविवारी यायची. एरवी फोन मुका. अशात कुणीतरी फेसबुकवर जुन्या कामगारांचा फोटो टाकला, खाली सगळ्यांची नावं. पुंजारामनं हौसेनं तिथं आपला नंबर लिहिला आणि लगेच फोन आला. मी बद्रीनाथ, ओळखलं का?

तेव्हापासून रोज दुपारी फोन. पलीकडच्या माणसाला एक वेबसाइट सापडली होती. घरबसल्या हॉटेलांना स्टार द्यायचे, रोज कमाई. फंडाचे पैसे एकदम भरले तर महिन्यात दुप्पट. घरी मात्र इतक्यात कुणाला बोलू नको.

"रात रात गप्पा मारायचो आपण, विसरला का?" तो आजही म्हणाला. "तुला भाऊ मानतो म्हणून सांगतो. ही स्कीम उद्या बंद होईल."

"नाय विसरलो." पुंजारामनं गाळणी बाजूला ठेवली. "एक बोलायचं राहून गेलतं. तनुजाच्या टायमाला गीता लई अडली होती. तू माझी पाळी उचलली, म्हणून मी गावाकडं पोचलो, तिला घाटी दवाखान्यात आणता आलं. दोन जीव वाचले. तुला कधी बोललोच नाय."

पलीकडून आवाज आला, त्यात काय एवढं, तू आधी लिंक उघड.

रविवारी तनुजाच्या हाती तो फोन पडला. तिनं सगळे मेसेज वाचून काढले. बापाचं म्हातारपण त्या फंडाच्या पैशांवर होतं. तिच्याच गल्लीतली एक बाई अशीच नागवली गेली होती: आधी थोडे पैसे परत देऊन विश्वास बसवला, मग मोठी रक्कम भरून घेतली, आणि शेवटी तिचेच पैसे तिला काढायचे तर वर आणखी भरा म्हणाले. घरी सांगू नको म्हणणारा कधी भल्याचा नसतो, हे तिनं बापाला परोपरीनं समजावलं.

आपण एक रुपयाही टाकला नाही, असं पुंजाराम म्हणाला. तिनं बँकेतली शिल्लक बघितली. पैसे जागच्या जागी होते. तिचा जीव भांड्यात पडला आणि ती नंबर ब्लॉक करायला लागली, तर त्यानं तिचा हात धरला.

"राहू दे. माझ्याशी एवढा येळ दुसरं कोण बोलतं?"

बद्रीकाकांचं नाव तनुजानं लहानपणापासून ऐकलं होतं, पण गावाकडं वाढल्यामुळं माणूस कधी पाहिला नव्हता. तिला बापाची दया आली. हळूच म्हणाली, "आप्पा, तो बद्रीकाका नसणार. त्यांच्या नावावर दुसराच कुणी तुम्हाला बनवतोय."

"माहीत हाये मला," पुंजाराम म्हणाला. "बद्रीला खांदा दिलाय म्या."