हाक

मिलला टाळं लागलं आणि यादवरावांच्या वाट्याला आला तो खोकला, छातीत कापूस बसल्याचा. अंथरूण धरायचं सोडून या गृहस्थांनी गच्चीवर शर्यतीच्या कबुतरांची पिल्लं पाळली. सीटी मारायला दम कुठला! पण दाणे टाकताना उबळ यायचीच, आणि पिल्लं त्यालाच हाक समजून धावत यायची.

“यादव भिया, कबूतर सीटीवर उतरतं, खांसीवर नाही,” शेजारचा कैलाश खिदळायचा.

शर्यतीच्या दिवशी गौतमपुऱ्याहून सोडलेली कबुतरं आली. सगळ्यांत पुढे यादवरावांचीच! पण ती वर नुसत्या घिरट्या घालत राहिली. घरच्या गच्चीवर उतरल्याशिवाय जीत धरत नाहीत. आणि औषधांनी खोकला तर चारच दिवसांपूर्वी थांबवला होता.

यादवराव उठले, कमरेवर हात ठेवले आणि सगळी गल्ली दणाणेल असे खोकले. कबुतरं सरसरत खाली आली.

त्यांच्यामागोमाग यादवरावांच्या पत्नी आनंदीबाईही जिना चढून आल्या, औषधाची बाटली घेऊन धापा टाकत. “अगंबाई! परत सुरू झाला का हो?”

“मिलवाल्यांनी दिलेला होता, तो गेला,” खांद्यावरच्या कबुतराला दाणा भरवत यादवराव म्हणाले. “हा माझा आहे.”