कपाटाची किल्ली

परभणीतल्या एका कचेरीत दाखले देणारे क्लार्क सिद्धोधनराव पहिल्यांदाच आठ दिवसांची रजा टाकून बायकोला थंड हवेच्या ठिकाणी घेऊन निघाले. या सहलीवर एक विनोदी कादंबरी लिहायची, हे त्यांचं आधीच ठरलं होतं. विनोद तेवढा सापडायचा होता.

निघताना त्यांनी दाखल्यांच्या कपाटाला कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली. मागं ठेवली असती, तर आपल्यावाचूनही कचेरी चालते हे साहेबांना कळलं असतं. असली घोडचूक जुना क्लार्क करत नसतो.

"आवो, लोकं हेलपाटे मारतील की तिकडं," सुकेशनीबाई गाडीतच म्हणाल्या.

"मारू देत. त्याबिगर आपली किंमत कळत न्हाई."

चौथ्या दिवशी तिथल्या तळ्यावर पोचले, तर एकुलती एक बोट साखळीनं बांधलेली आणि साखळीला कुलूप. सिद्धोधनराव वॉचमनवर कडाडले, "हा काय कारभार हाय? पब्लिकनं एवढ्या लांबून यायचं, आन् तुमचा माणूस किल्ली घेऊन गायब?"

"काय करणार साहेब! बोटवाला गावी गेलाय, परभणीकडं, पेडगावला. लेकीचा दाखला पाहिजे म्हणून रोज कचेरीत खेटे घालतोय बिचारा. तिथला क्लार्क म्हणे कपाटाची किल्ली घेऊनच फिरायला गेलाय."

सुकेशनीबाईंनी नवऱ्याच्या खिशाकडं पाहिलं.



"घ्या, सापडला तुमचा विनोद. लिवा आता."