मागचा खडखडाट

आई गेल्यापासून बाबा रोज संध्याकाळी हेडफोन लावून आपलंच जुनं भाषण ऐकत बसायचे. निरोपसमारंभात बोलायचं म्हणून त्यांनी स्वयंपाकघरात उभं राहून केलेला सराव फोनवर टिपलेला होता. "स्वतःच्याच प्रेमात पडलात की काय?" मी चिडवायचे. ते नुसते हसायचे. साउंड एडिटिंगच्या क्लासला नको असलेले आवाज काढून टाकायला शिकले, तेव्हा पहिला प्रयोग त्या भाषणावरच केला. मागे भांड्यांचा खडखडाट होता, नळाची धार होती, मधूनच काहीतरी बारीक घुमत होतं. मी नीट ऐकलंच नाही. पडद्यावर बाबांच्या आवाजाचे डोंगर आणि त्यांच्या पायथ्याशी झुडपं दिसत होती, ती मुळासकट उपटली. मूळ फाइलला हात लावायचा नाही, कॉपीवरच काम करायचं, असं सरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. मी उत्साहाच्या भरात त्याच फाइलवर सेव्ह केलं. "ऐका, कसा खणखणीत झालाय आवाज!" म्हणत बाबांच्या कानांवर हेडफोन चढवले. ते डोळे मिटून ऐकू लागले. एक वाक्य संपलं की आवाज वाढवत होते, पुढचं सुरू झालं की कमी करत होते. "आवडलं नाही?" मी विचारलं. "छान केलंस गं." त्यांनी हेडफोन काढून रुमालाने पुसले, पुन्हा लावले. "मागे भांडी घासताना तुझी आई गुणगुणत असते, ती आज ऐकू येईना. माझे कानच गेले वाटतं."